शाळेंतला कायदा आणि ठाण्यांतला रिवाज

इ. स. १९४८ च्या सप्टेंबरच्या १५ व्या तारखेस अबूच्या पहाडावर हिंदी सरकारचें मध्यवर्ती पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झालें. नव्या राष्ट्राच्या वरिष्ठ पोलीस अंमलदारांस कायदा, तपास आणि शिस्त ह्यांचे पाठ तेथें द्यावयाचे होते. त्या दिवशीं हिंदी फौजांस हैदराबाद संस्थानांत शिरून तिसरा दिवस लागला होता, आणि नांदेड व लातूर ह्या बाजूच्या मुलखांत निजामी ठाण्यांचा अंमल घटकेघटकेस ओसरत चालला होता. फौजेच्या त्या मोहिमेस ‘पोलिसी कारवाई’ असें नांव पडलें, हा इतिहासाचा एक कडवट विनोदच म्हणावयाचा. कारण त्याच दिवसांत मराठवाड्यांतील रयतेस पोलिसांचा आसरा सर्वांत कमी लाभला. एकीकडे शाळा उघडत होती आणि दुसरीकडे ठाणें मोडत होतें. पुढें हीच संस्था राष्ट्रीय पोलीस अकादमी ह्या नांवानें १९७५ सालीं हैदराबादेस आली. ज्या शहराचे हुकूम नांदेडचा अमीन शिरसावंद्य मानीत असे, त्याच शहरीं.

शाळेचा इतिहास लिहिणें फारसें कठीण नाहीं. स्थापनेचें वर्ष असतें, इमारत असते, अभ्यासक्रम छापलेला असतो, आणि दीक्षान्त संचलनाच्या दिवशीं झालेलीं भाषणेंहि जपून ठेवलेलीं असतात. ठाण्याचा इतिहास मात्र असा कोठें लिहिलेला सांपडत नाहीं. शाळेंतून निघालेला तरुण ठाण्यांत पोंचल्यावर काय शिकतो, कोणाकडून शिकतो आणि काय विसरतो, ह्याची नोंद ठेवणारें दप्तर नाहीं. तथापि एक आडवाट आहे. आमच्या कायद्यांत कांहीं कलमें अशीं आहेत कीं, तीं पोलिसांनीं काय करावें हें सांगण्यासाठीं लिहिलेलीं नसून पोलिसांच्या शब्दावर कोठवर विश्वास ठेवावा हें सांगण्यासाठीं लिहिलेलीं आहेत. हीं कलमें कालानुक्रमानें वाचीत गेलें म्हणजे शाळेंत शिकविलेलें आणि ठाण्यांत चाललेलें ह्यांतील अंतराचा एक सलग आलेख हातीं येतो. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरता तो येथें पाहावयाचा आहे.

निजामी राज्यांत सर सालारजंग ह्यांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी केली, आणि त्याच सुमारास महसुलापासून निराळें असें पोलीस खातें आकारास येऊं लागलें. जिल्ह्याच्या पोलिसांवर मोहतमीम, ठाण्यावर अमीन, त्याच्या हाताखालीं जमादार व जवान, आणि गांवोगांव पोलीस पाटील, अशी ती उतरंड होती. नांदेड हा जिल्हा होता. लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें आडतीच्या पेठेचें गांव होतें. स्वतंत्र जिल्ह्याचा मान त्यास मिळाला तो १९८२ सालीं. ह्या ठाण्यांचें दप्तर उर्दूंत चाले. फिर्याद, रोजनामचा, जबाब, मुद्देमाल, पंचनामा, जामीन, हे सगळे शब्द फारशी-अरबीच्या मुशींतून आलेले. आणि शब्दांबरोबर ते वापरण्याची रीतिहि आलेली. ही रीति पुस्तकापेक्षां माणसाकडून शिकण्याची होती. जुन्या जमादाराच्या शेजारीं बसून नवख्यानें कागद उतरून काढावे, कोणत्या गोष्टी लिहावयाच्या हें पाहावें, आणि कोणत्या लिहावयाच्या नाहींत हें त्याहून बारकाईनें पाहावें. आमच्याकडे गवई, पहिलवान आणि सुतार जसे तयार होत, तसाच ठाण्याचा माणूसहि उस्तादाच्या हाताखालीं तयार होई. ही पद्धति मुळांत वाईट नव्हे. उस्ताद चांगला असला तर तिच्याइतकी चांगली पद्धति दुसरी नाहीं. प्रश्न उस्तादाचा आहे, आणि तो आजपर्यंत कोणींच नीट विचारलेला नाहीं.

ब्रिटिश हिंदुस्थानांत वाट निराळी होती. सर चार्ल्स नेपियर ह्यांनीं १८४३ सालीं सिंध घेतल्यावर तेथें आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस उभारले; १८६१ च्या पोलीस कायद्यानें तोच नमुना बहुतेक सर्वत्र पसरला. लंडनचा शिपाई रस्त्यांत एकटा हिंडतो आणि लोकांशीं बोलतो. आयर्लंडचा शिपाई बराकींत राहतो, बंदूक बाळगतो आणि हुकूम होईल तेव्हां तुकडीनें बाहेर पडतो. जिंकलेल्या मुलखास दुसरा नमुना सोयीचा वाटला ह्यांत नवल नाहीं. त्यामुळें शाळा निघाल्या तेव्हां त्यांत पहिला मान कवाइतीस मिळाला. लॉर्ड कर्झन ह्यांनीं नेमलेल्या १९०२-०३ च्या पोलीस कमिशननें, ज्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर होते, हिंदी पोलीस नालायक, अपुरे शिकविलेले आणि लोकांत लांचखाऊ व जुलमी म्हणून समजले जाणारे आहेत असा सरकारी शिक्क्याचाच निकाल दिला. त्यानंतर मुंबई इलाख्यासाठीं १९०६ सालीं पुण्याजवळ भांबुर्ड्यास शाळा निघाली व १९०९ सालीं ती नाशिकास गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. तेथें दोन गोष्टी शिकविल्या जात: कवाईत आणि कायद्याचीं कलमें. दोन्ही आवश्यक आहेत. परंतु ठाण्याच्या दारांत येणारा माणूस बहुधा ह्या दोहोंपैकीं कशानेंच सुटणारा प्रश्न घेऊन येत नाहीं. बांधाचें भांडण, भावाभावांची वाटणी, दुसऱ्याच्या रानांत शिरलेलीं गुरें, घर सोडून गेलेली मुलगी, सावकाराचा तगादा, दारूच्या नशेंत फुटलेलें डोकें, हें ठाण्याचें रोजचें पीक. ह्याचें काय करावें हें कवाइतीच्या मैदानावर कळत नाहीं. तें हवालदार सांगतो.

आतां त्या अविश्वासाच्या कलमांकडे वळूं. मद्रास इलाख्यांत महसुलाचे व पोलिसांचे नोकर रयतेस यातना देऊन वसुली आणि कबुली मिळवितात, अशी ओरड झाल्यावरून एक चौकशी मंडळ बसलें आणि १८५५ सालीं ओरड खरी ठरली. सहा वर्षांनीं फौजदारी व्यवहाराचा कायदा झाला तेव्हां त्यांत, आणि पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत, एक विलक्षण गोष्ट आली. पोलीस अंमलदारापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाहीं, असें २५ व्या कलमानें ठरविलें. आपल्याच सरकारनें नेमलेल्या, आपल्याच खर्चानें पोसलेल्या नोकराच्या तोंडचा शब्द त्याच सरकारच्या न्यायालयानें ऐकूं नये, असा हा हुकूम! हा कायदा रचणारे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनीं पुढें एका अनुभवी अंमलदाराचें मत नमूद करून ठेवलें आहे. त्याचा आशय असा कीं, ह्या मारहाणीचें मूळ क्रौर्यापेक्षां आळसांत अधिक आहे. नांदेडचा वैशाख ज्यांनीं अनुभवला आहे त्यांस हें मत पटावयास वेळ लागणार नाहीं. पुरावा शोधावयाचा तर उन्हांत हिंडावें लागतें; कबुली सावलींत बसून मिळते.

तथापि कायद्यानें दार पुरतें लाविलें नाहीं, एक फट ठेविली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर त्या सांपडण्याशीं संबंध असलेलें तेवढें सांगणें २७ व्या कलमाप्रमाणें पुराव्यांत येऊं शकतें. ही फट किती रुंद समजावयाची हा वाद गुंटूरकडील एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९४६ सालीं कौन्सिलनें ती अरुंदच आहे असा निर्वाळा दिला. परंतु ठाण्यानें तोपर्यंत त्या फटींतून जाण्याची आपली पाऊलवाट पाडून ठेविली होती. तिचें नांव मेमोरँडम पंचनामा. दोन पंच बोलवावयाचे. त्यांच्या समक्ष आरोपीनें ‘अमुक माल मी अमुक ठिकाणीं लपवून ठेवला आहे, सोबत चलाल तर काढून देतों’ असें सांगावयाचें. मग सर्वांनीं गाडींत बसून जावयाचें आणि माल काढावयाचा. पुष्कळदां हें सर्व अक्षरशः खरेंहि असतें. पण शेंकडो आरोपी, शेंकडो गांवें आणि वाक्य मात्र एकच, हें पाहिलें म्हणजे न्यायाधीशाची भुंवई उंचावते, आणि ती उंचावली तर त्यास दोष देतां येत नाहीं. शाळेंत हेंच कलम शिकवितात तें पोलिसांस आवर घालणारें म्हणून. ठाण्यांत तेंच शिकलें जातें तें काम निभावण्याची युक्ति म्हणून. कलम एकच, पाठ दोन.

ह्या ठिकाणीं वाचकांपाशीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. झडतीच्या वेळीं त्या भागांतील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून घ्यावेत, असें कायदा सांगतो. आणि लेखी हुकूम होऊनहि सबळ कारणावांचून नकार देणें हा अपराधहि ठरवितो. हे प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण? म्हणजे आपण. शाळामास्तर, वकील, वैद्य, पेढीचे मालक, सरकारी नोकर आणि त्यांचीं कुटुंबें. हवालदार दारांत येऊन ‘दोन मिनिटांचें काम आहे, सही पाहिजे’ म्हणाला तर आपण काय करतों हें ज्याचें त्यास ठाऊक आहे. कोणाच्या मुलीची परीक्षा असते, कोणास गांवीं जावयाचें असतें. कोणी सरळच सांगतो कीं, ही कोर्टाची कटकट आम्हांस नको. आणि कटकट खोटी नाहीं. आज सही केली तर चार-पांच वर्षांनीं समन्स यावयाचें, दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसावयाचें, आणि आरोपीच्या वकिलानें आपल्यासच चोर ठरवावयाचें. तेव्हां हवालदार जातो आणि ठाण्याजवळच्या चहाच्या टपरीवरील माणसास घेऊन येतो. तो माणूस ह्या महिन्यांत तिसऱ्यांदा पंच झालेला असतो. पुढें कोर्टांत तो एकतर ‘नेहमीचा पंच’ म्हणून हास्यास्पद ठरतो, नाहींतर फितूर होतो आणि सही माझी आहे पण मजकूर मला वाचून दाखविला नाहीं असें म्हणतो. आरोपी सुटतो, पोलिसांनीं खोटा पुरावा केला अशी बातमी येते, आणि ती आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतों. ठाण्याचा रिवाज ठाण्यांतल्या माणसांनीं एकट्यांनीं घडविलेला नाहीं.

आतां पुन्हां १९४८ कडे येऊं. त्या आधींच्या दोन वर्षांत रझाकारांच्या जुलमानें हा मुलूख होरपळला होता, आणि निजामी पोलीस त्यांना आवरावयाचे सोडून पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या मागें उभे राहिले होते. स्टेट काँग्रेसच्या लढ्याचीं केंद्रें सरहद्दीबाहेर पसरलीं होतीं. १९४८ च्या जानेवारींत नांदेड जिल्ह्यांतील उमरीच्या बँकेवर छापा पडला तो ह्याच लढ्याच्या खर्चासाठीं. ठाणें हें रयतेचें नव्हे, एका पक्षाचें, ही समजूत पक्की झाली होती. कारवाई झाली, संस्थान शरण आलें, आणि मग सूडाची लाट उलट दिशेनें उसळली. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीनें वर्षअखेरीस संस्थानांत हिंडून जो अहवाल दिला तो सरकारनें कित्येक दशकें प्रसिद्ध केला नाहीं. त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत होरपळलेले जिल्हे म्हणून सांगितले आहेत. सबंध संस्थानांत २७ हजार ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं असा समितीचा अंदाज होता. लातूरच्या पेठेंतील मुसलमान वस्तीची तेव्हां जी हानि झाली तीहि अहवालांत नोंदलेली आहे, आणि कांहीं ठिकाणीं लुटालुटींत गणवेशांतील माणसेंहि सामील होतीं हेंहि. रझाकारांचें पाप सांगावें आणि हें झांकावें, किंवा हें सांगावें आणि तें झांकावें, ह्या दोन्ही रीति आमच्याकडे चालतात. इतिहासास दोन्ही ठेवाव्या लागतात.

त्यानंतरच्या बारा वर्षांत ह्या जिल्ह्यांतील पोलिसांवर जेवढे बदल कोसळले तेवढे क्वचितच कोठें कोसळले असतील. आधीं लष्करी कारभार. मग १९५१ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून संस्थानचे कायदे जाऊन हिंदी दंडसंहिता, फौजदारी व्यवहाराचा आणि पुराव्याचा कायदा. मग १९५६ च्या नोव्हेंबरांत मुंबई राज्य आणि त्याबरोबर मराठी दप्तर. आणि १९६० सालीं महाराष्ट्र. एखादा जवान १९४५ सालीं नोकरीस लागून १९७५ च्या सुमारास सेवानिवृत्त झाला असेल, तर त्यानें एकाच खाटेवर चार राज्यें पाहिलीं. कायदा बदलला, भाषा बदलली, टोपीचें चिन्ह बदललें. रोजनाम्याशेजारीं बसून नवख्यास शिकविणारा तो स्वतः मात्र तोच राहिला. नव्या राज्यानें त्यास नवें कलम दिलें. जुनी संवय काढून घेण्याचें कोणतेंहि साधन त्याच्यापाशीं नव्हतें. तेव्हां नव्या कलमाचा कागद जुन्या हातानें लिहिला गेला.

पोलिसांच्या शिक्षणाचा पहिला समग्र विचार स्वतंत्र हिंदुस्थानांत ज्या समितीनें केला तिचे अध्यक्ष पोलीस नव्हते, समाजशास्त्रज्ञ होते: प्रा. माधव सदाशिव गोरे. १९७१ सालीं नेमलेल्या ह्या समितीनें १९७३ सालीं अहवाल दिला, आणि शिपायाच्या शिक्षणांत कवाइतीपेक्षां मनोवृत्तीस, कलमापेक्षां माणूस ओळखण्यास महत्त्व द्यावें असें सांगितलें. अहवाल मानानें स्वीकारला गेला व सावकाशपणें विसरला गेला. पांच वर्षांनीं मराठवाड्यांतच त्याची कसोटी लागली. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ च्या जुलैंत केला, आणि दलित वस्त्यांवर हल्ल्यांचा आगडोंब उसळला. नांदेड जिल्ह्यास त्याची झळ सर्वांत अधिक लागली. टेंभुर्णीस पोचीराम कांबळे ह्यांस जाळून मारण्यांत आलें. सर्व नागरिक कायद्यापुढें समान, हा धडा प्रत्येक शिपायानें शाळेंत घोकलेला होता. परंतु गांवांतील बातमी ठाण्यास येते ती पोलीस पाटलाकडून. पाटील येतो तो बहुधा गांवच्या वजनदार जातींतून. आणि शिपाई मुक्कामास उतरतो तो ज्याच्या ओसरीवर उतरण्यासारखी ओसरी आहे त्याच्याकडे. कोणी वाईट हेतु धरिला नसतांहि ठाण्याचा कान असा एका बाजूस कलतो. हेतु वाईट असल्यावर काय होतें हें सांगावयास नको. पुढें १९८९ सालीं अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचाराविरुद्ध कायदा झाला तेव्हां त्याच्या चौथ्या कलमांत, कर्तव्याची हयगय करणाऱ्या सरकारी नोकरासच शिक्षा सांगितली गेली, आणि २०१५ च्या दुरुस्तीनें फिर्याद न नोंदविणें हें त्या हयगयींत नांव घेऊन घालण्यांत आलें. अविश्वासाच्या कलमांतील हें दुसरें. पहिलें कलम पोलिसानें जें केलें त्यावर विश्वास नाहीं असें म्हणतें. दुसरें, जें केलें नाहीं त्यावर.

पारध्यांची कथा ह्याच जातीची. १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मानें गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला व त्या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. परंतु लातूर-उस्मानाबादकडे दरोडा पडला म्हणजे पहिली गाडी पारध्यांच्या पालांकडे वळावी, हा रिवाज रद्द करणारा कायदा कोणत्याहि विधिमंडळास करतां आलेला नाहीं.

ठाण्याच्या रिवाजाविरुद्ध इतकें लिहिल्यावर त्याच्या बाजूची एक गोष्ट सांगितली नाहीं तर अन्याय होईल. १९९३ च्या सप्टेंबरच्या २९ तारखेस अनंत चतुर्दशी होती. गणपतीच्या विसर्जनाच्या बंदोबस्तांत त्या रात्रीं जिल्ह्याचे पोलीस रस्त्यावर होते. पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीचीं जड धाब्याचीं घरें निजलेल्या माणसांवर बसलीं, आणि लातूर व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत दहा हजारांच्या घरांत माणसें गेलीं. कोणत्याहि शाळेच्या अभ्यासक्रमांत ह्याचा पाठ नव्हता. प्रत्येक अपमृत्यूचा पंचनामा व्हावा असें कायदा म्हणतो. पण जेथें गांवच उरलें नाहीं तेथें पंच कोठून आणावयाचे? अशा वेळीं ढिगाऱ्याच्या कोणत्या बाजूस कोणाचें घर होतें आणि त्यांत किती माणसें निजत होतीं हें नकाशा सांगत नाहीं. तें बीट सांभाळणारा हवालदार सांगतो, आणि पोलीस पाटील जगला असेल तर तो सांगतो. पायीं हिंडून, घरोघरचें पाणी पिऊन मिळविलेलें हें ज्ञान म्हणजेहि ठाण्याचा रिवाजच. शाळेनें त्यास कधीं गुण दिले नाहींत, आणि मोटारी आल्यापासून ठाणेंहि तें विसरत चाललें आहे.

आज लातुराजवळ बाभळगांव येथें पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. नांदेड हें नांदेड, परभणी, हिंगोली व लातूर ह्या चार जिल्ह्यांच्या परिक्षेत्राचें मुख्य ठिकाण आहे. ह्या मुलखांतील मुलें-मुली पहांटे मैदानावर धांवतात तीं बहुतेक भरतीसाठीं. मुलांस सोळाशें मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेंक, मिळून पन्नास गुण, आणि लेखी परीक्षेचे शंभर. कोरडवाहू शेतीच्या घरांतील बारावी झालेल्या मुलास ही नोकरी म्हणजे घराचें सोनें. निवड झाली कीं नऊ महिन्यांचें शिक्षण. त्यांत कायदा आहे, शस्त्र आहे, योगासनें आहेत, संगणक आहे, मानवी हक्क आहेत. आणि मग ठाणें. ठाण्यांत त्याचें पहिलें वर्ष बंदोबस्तांत जातें: माळेगांवची खंडोबाची जत्रा, माहूरचें नवरात्र, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा होला मोहल्ला, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, गणपति, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. तपास शिकावयाचा तर तपास पाहावा लागतो. दोरी धरून उभ्या राहिलेल्या माणसास तो कोठून दिसणार? तपासाचें काम आणि बंदोबस्ताचें काम निरनिराळ्या माणसांकडे असावें असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ च्या सप्टेंबरांत प्रकाश सिंह ह्यांच्या खटल्यांत सांगितलें. तें मोठ्या शहरांतून थोडेंबहुत झालें असेल. तालुक्याच्या ठाण्यांत सकाळीं जत्रेंत उभा असलेलाच अंमलदार रात्रीं चोरीचा तपास करतो.

लेखनाची गोष्ट तर स्वतंत्र निबंधाची आहे. नांदेड जिल्ह्याची सरहद्द तेलंगणास लागते, लातूरची कर्नाटकास. मुखेडच्या तांड्यावरील बाई आपलें गाऱ्हाणें गोरमाटींत सांगते, देगलूरचा शेतकरी तेलुगूमिश्रित मराठींत, उदगीरचा दुकानदार दखनींत. कागदावर हीं तिघेंहि एकच भाषा बोलतात. ‘समक्ष हजर राहून फिर्याद देतो कीं’ अशी ती सुरू होते, मध्यंतरीं ‘सदर इसमानें’ कांहींतरी करतो, आणि शेवटीं ‘माझी फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझे सांगणेप्रमाणें बरोबर आहे’ असें ती म्हणते. बाईनें अडखळत, रडत, आधींचें मागें आणि मागचें पुढें करून सांगितलेलें एका सरळ ओळींत बसविलें जातें. सरळ केलेल्या त्या ओळींत तिचें खरें दुःख राहिलेंच तर योगायोगानें राहतें. आणि वर्षांनंतर उलटतपासणींत वकील तिला विचारतो, ‘तूं सदर इसम म्हणालीस ना?’ ती म्हणते, ‘मी असं कांहीं म्हटलं नव्हतं.’ तें खरें असतें आणि तेंच तिच्या विरुद्ध जातें. शिवाय कित्येकदां गाऱ्हाणें मुळांत फिर्याद म्हणून लिहिलेंच जात नाहीं. अदखलपात्र म्हणून एक पावती हातीं देऊन तिला कोर्टाचा रस्ता दाखविला जातो, कारण नोंदलेला गुन्हा म्हणजे ठाण्याच्या आंकड्यांत वाढ आणि वरून येणारी विचारणा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली कीं नोंद केलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयास २०१३ च्या नोव्हेंबरांत ललिता कुमारी खटल्यांत पुन्हां बजावावें लागलें. १८६१ पासून कायद्यांत असलेली गोष्ट दीडशें वर्षांनंतर न्यायालयास बजावावी लागते, ह्याहून ठाण्याच्या रिवाजाचें बळ तें कोणतें?

तेव्हांपासून अविश्वासाचीं कलमें भराभर वाढलीं आहेत. अटकेच्या वेळीं काय काय करावें ह्याचे अकरा नियम १९९६ सालीं डी. के. बसू ह्यांच्या खटल्यांत घालून दिले गेले, आणि त्यांची पाटी ठाण्याच्या भिंतीवर आली. २०२० च्या डिसेंबरांत ठाण्याठाण्यांतून कॅमेरे बसवावेत असा हुकूम झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १०५ व्या कलमाप्रमाणें झडती व जप्तीचें दृक्‌श्राव्य चित्रण करावयाचें आहे, आणि सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानें घटनास्थळीं जावयाचें आहे. ह्या शेवटच्या तरतुदीसाठीं राज्यांस पांच वर्षांपर्यंत मुदत आहे. पुराव्याचा नवा कायदाहि त्याच दिवशीं आला, आणि पोलिसांपुढील कबुली न चालण्याचें जुनें २५ वें कलम त्यांत २३ वें होऊन बसलें. नव्या राज्यकर्त्यांनीं जुन्या राज्यकर्त्यांचे कायदे मोडीत काढले, परंतु हा अविश्वास तेवढा मोडीत काढतां आला नाहीं. त्याच संहितेच्या १०३ व्या कलमांत दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांची अटहि कायम आहे. लातूरच्या गंजगोलाईंत आज चोरीचा माल सांपडला, तर हवालदाराच्या खिशांत चित्रणाचा मोबाईल असतो, आणि तरीहि दुकानाची फळी उघडण्यापूर्वीं तो आसपासच्या गर्दींत दोन माणसें शोधावयास निघतो.